थाळी अजून खाली आली नाई

त्या दिवशी आमच्या गावच्या गायरानात कोण कोण होतं ते पयले सांगून टाकतो. नाईतर लोक मांगून म्हणतात, आमचं नाव काऊन नाई घेतलं. मी होती. माही पोरगी वंदना होती, तवा दुसरीत शिके. बैलबंडीची चाकं बांधणारे हबीबभाई होते. शाळेतले पीटीचे मास्तर होते, गळ्यात शिट्टी टांगून. सरपंचबाई होती, आन तिच्या मांगं तिचा नवरा होता, कारण का सरपंचकी तोच करे. बाकी मंग सारं गाव होतं. आन मधोमध, चुन्याच्या गोलात, माहा दीर मोतीराम उभा होता.

तो अजून त्या गोलातच हाय.

मेला-बिला असं नका समजू. जिवंत हाय चांगला, धडधाकट. आत्ताच आंगणात बसून टोपलंभर भात खाऊन गेला, आन जाता जाता मले म्हणे, "वैनी, वरणात मीठ नाई. फाऊल." पण त्याच्या हिशोबानं तो गोलाच्या भायेर निघालाच नाई अजून. किती पावसाळे झाले. या माणसानं माहे केस असे पांढरे केले का त्यासाठी म्हातारपणाची गरजच नाई पडली.

मोतीराम थाळीफेकीचा चॅम्पियन. तालुक्याचा नाई, जिल्ह्याचा नाई, साऱ्या राज्याचा. आता थाळी म्हणजे जेवाची थाळी नाई. मलेही पयले तेच वाटलं होतं, आन मी घरची भांडी मोजत बसली होती. ती एक जाड लाकडी चकती रायते, मधात फुगलेली, कडेनं लोखंडाची पट्टी. गोलात उभं राहून, भोवऱ्यासारखं सोताभोवती फिरून, ती लांब फेकाची. ज्याची लांब गेली तो जिंकला. बस, इतकंच. याच्यासाठी माणसं आगगाडीत बसून पुण्याले जातात.

त्याले हा नाद लागला रोवण्यात, धान लावताना. आमच्या आरमोरीकडे धानाचीच शेती. पावसात रोवणा लागला का बाया बांधीतल्या चिखलात ओळीनं वाकून उभ्या रायतात, आन एक गडी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्यायले पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपाच्या, जुड्या आणून देते. बाकीचे गडी जुड्या आणून मुकाट ठेवत. मोतीराम ठेवत नसे. तो धुऱ्यावर उभा राहून जुडी हातात तोले, गरकन फिरे आन फेके. जुडी बरोबर जिले पाह्यजे तिच्याच पुढ्यात पडे. पण अशी पडे का बाई कपाळापासून हनुवटीलोक सारवून निघे.

"मोत्या, मुडद्या, तुह्या हाताले लकवा होवो!" बाया वरडत.

तो धुऱ्यावरून म्हणे, "काकू, तुम्हीच पुढं सरकल्या."

एक दिवस पीटीचे मास्तर सायकलीनं जाऊन राह्यले होते. एक जुडी बायायच्या डोक्यावरून गेली, पल्याडचा धुरा पार झाली, आन मास्तरच्या छातीवर जाऊन बसली. मास्तर सायकलसंगट पाण्यात. उठून चिखल पुसत त्यायनं पयला सवाल केला, "कोणाचा पोट्टा हाय हा?"

साऱ्या बाया माह्याकडे पाहाले लागल्या. पोरगं मार खाईन म्हणून मी म्हतलं, "आमचा नाई."

"मंग मी नेतो," मास्तर म्हणे. आन नेलं. तिथून माह्या जिवाले घोर.

शाळेत थाळी नव्हती. मास्तरनं सांगतलं, घरी जे गोल भेटन त्यानं हात बसव. घरी गोल काय होतं? झाकण्या, तवा, आन माह्या गोवऱ्या. तव्यानं शेजारच्या छपरावरचे कवेलू फुटले. झाकणीनं कोंबडी लंगडी झाली. मंग तो गोवऱ्यावर आला. मी शेण थापून भितीले लावो, वाळल्या का हा उचलून गायरानात फेकून ये. चुलीत घालाले गोवरी नाई, आन गायरानात गोवऱ्याचा सडा. मी वरडली तं म्हणे, "वैनी, तू थापते एकदम बरोबर. मधात जाड, कडेले पातळ. फकस्त थोडी वजनी थापत जाय."

शेवटी हबीबभाईले दया आली. त्याची आली का माही, ते नाई माहीत. त्यायनं बिज्याच्या लाकडाची चकती तासली. बंडीच्या चाकाले घालतात त्या लोखंडी पट्टीचा उरलेला तुकडा तापवून कडेनं बसवला. "ले मोती," म्हणे, "चाक है ये. इसकी बंडी तेरे कू बनना है."

मोतीराम ती चकती उशाशी घेऊन झोपे. तिले तेल लावे. माह्या डोक्याले तेल नसे, पण चकतीले असे. तेल पिऊन पिऊन ती काळी कुळकुळीत झाली.

मंग मास्तरनं त्याले खेळाचे कायदे शिकवले. गोलाच्या कडेवर पाय पडला का फाऊल. गोलाच्या पुढून निघालं का फाऊल, मांगच्या अर्ध्यातूनच निघाचं. आन सगळ्यात मोठा कायदा, फेकलेली थाळी जमिनीवर पडेलोक गोल सोडाचा नाई. सोडला तं ती फेक बाद, मंग ती चंद्रावर जाऊन का नाई पडो.

दुसऱ्या पोरायनं हे कायदे मैदानात ठेवले. यानं घरी आणले. उंबरठ्यावर पाय पडला का परत मांगं जाऊन नव्यानं आत ये. दूध उतू गेलं, फाऊल. पावण्यानं पंगतीत दुसऱ्याच्या पानावरून हात नेला, फाऊल, आन तेही मोठ्यानं. कोणाच्याही घरी पुढच्या दारानं शिरे आन मांगच्या दारानं निघे.

एकदा त्याच्यासाठी पोरगी पाहाले गेलो. पोहे झाले, पोरगी दिसली, पसंत पडली, तिचा बाप हासून-खेळून बोलून राह्यला. उठाची येळ झाली, तं हा सरळ सैपाकघरात. तिथून न्हाणीत. न्हाणीत पोरीची आजी आंग धुवून राह्यली होती. ती किंचाळली, आन हा तिले इचारते, "आजी, मांगचं दार कुठी हाय जी?" आम्ही बंडी हाकत पळालो, मांगून गोटे येऊन राह्यले. वंदनाचे बाबा हासून हासून बंडीतून खाली पडाचे राह्यले. मले नाई हासू आलं. लुगडं उसनं घालून गेली होती मी, त्याच्यावर गोटा बसला.

पण फेके मात्र. ते कबूल करा लागते. गडचिरोलीले जिल्ह्याच्या खेळाले मी डबा घेऊन गेली होती. बाकीची पोरं बूट घालून, रंगीत चड्ड्या घालून. हा अनवाणी, भावाची जुनी चड्डी सुतळीनं बांधलेली. पोरं खोखो हासून राह्यली. त्याची पाळी आली तवा फीत धरणारे दोघं मैदानात सावलीले बसून बिडी ओढून राह्यले होते, इथलोक कोणाची येते म्हणून. त्यायच्या डोक्यावरून गेली. बिड्या टाकून पळाले बिचारे. मंग नाई कोणी हासलं.

राज्याच्या खेळाले आम्ही त्याले वडश्याहून आगगाडीत बसवून देलं. पयला नंबर घेऊन आला. सारं गाव आमच्या आंगणात. पुणं कसं हाय ते सांग म्हणे. त्यानं आंगणातल्या मातीत बोटानं एक गोल काढला. मंग म्हणे, "गोल लय चांगला होता. सिमिटाचा."

"आन बाकी?"

"बाकी काई नाई. गोलच."

त्याची पदकं मी ट्रंकेत ठेवली, फडक्यात बांधून. पोळ्याच्या दिवशी पाह्यतो तं ट्रंक खाली. भायेर येऊन पाह्यलं, आमचे दोन्ही बैल तोरणाखाली उभे, एकाच्या गळ्यात राज्य, दुसऱ्याच्या गळ्यात जिल्हा. "नांगर कोण ओढते वैनी?" मले म्हणते. "मले दंड यायनंच देले." वंदनाच्या बाबानं त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या दोघायचं हे असं. एकानं डोकं सोडलेलं, आन दुसऱ्याले त्याचं कौतुक.

मंग वंदनाचे बाबा गेले. हिवताप होता, डोक्यात चढला. धान कापता कापता आंग तापलं, आन धान घरी याच्या आधी माणूस नव्हता. जाच्या आधी थोडे शुद्धीवर आले होते. मले एकच गोष्ट सांगतली. वंदनाचं नाई, शेताचं नाई. म्हणे, "मोत्याले या चिखलात ठेवू नको. त्याले फेकत जाऊ दे." मी हो म्हतलं.

नदीवरून सारे लोक आंघोळ करून घरी आले. मोतीराम नाई आला. राखेपाशी उभा होता. कोणी हात धरला, तं म्हणे, "धूर वर गेला हाय. खाली येऊ द्या." राख थंडी होईलोक तो तिथून हालला नाई. त्या दिवशी त्याले कोणी येडं नाई म्हतलं.

त्यानंतर नांगर त्यानं धरला आन बाकी मी. मोहफुलं येचली, उन्हाळ्यात तेंदूची पानं तोडली, लोकायच्या रोवण्याले गेली. साऱ्याच बाया हे करतात, त्यात सांगासारखं काई नाई. सांगासारखं येगळंच होतं. मी तवा तिशीचीही नव्हती. घरात तरणाताठा दीर. मी हातपंपावर गेली का बाया बोलता बोलता चूप होत. एकीनं तं तोंडावरच म्हतलं, "पाट लावून घे ना बाई त्याच्यासंग. नाईतरी एकाच छपराखाली हा तुम्ही." मी लग्न होऊन आली तवा याचा शेंबूड मी पदरानं पुसला होता. मी गुंड भरला आन घरी आली. घरी कोणाले काई सांगतलं नाई. पण मोतीराम आंगणात दोर वळून राह्यला होता, आन हातपंप आमच्या कुंपणाले लागूनच हाय.

दुसऱ्या हिवाळ्यात मास्तर धावत आले. मुंबईकडच्या एका मोठ्या कारखान्यात खेळाडूची जागा निघाली होती. पगार, राहाले खोली, आन काम काय, तं थाळी फेकाची. "वैनी," मास्तर मले म्हणे, त्यायचे डोळे भरले होते, "हा देशासाठी फेकन."

मोतीराम गोठ्यातून म्हणे, "मी नाई जात."

"काऊन रे?"

"रोवणा कोण करन?"

"रोवण्याले अजून सहा महिने हाय, मोत्या."

"मंग तथलोक थांबतो."

माहं डोकं सणकलं. त्याच्या भावानं शेवटी तोंडातून काढलेला एकच शब्द, आन हा बैलाच्या मांगं लपून राह्यला. मी गोठ्याच्या दारात उभी राह्यली. "तुह्या भावाची आण हाय तुले," म्हतलं. "माह्यापायी, नाईतर वंदनापायी थांबलास, तं या घरच्या भाताले हात लावजो नको."

आमच्यात मेल्या माणसाची आण कोणी मोडत नाई. त्याचं तोंड इतकुसं झालं. "हे फाऊल हाय वैनी," हळूच म्हणे. मंग बैलाच्या पाठीवर हात फिरवत बसला. शेवटी म्हणे, "बरं. तुमच्यापायी नाई थांबत."

मी मनात म्हतलं, सुटली बाई.

तो जाच्या दिवशी गावानं सत्कार ठेवला. तोच तो दिवस, सुरवातीले सांगतला तो. सरपंचबाईच्या नवऱ्यानं भाषण केलं, शेवटी बाईले माईक देला, ती "धन्यवाद" म्हणे आन माईक परत. मी मोतीरामचं गाठोडं बांधून पारावर ठेवलं होतं. संध्याकाळच्या एसटीनं तो जाणार होता. त्याच्या आधी गावाले एक फेक दाखव, असं ठरलं.

मास्तर म्हणे उगवतीकडे फेक. हा म्हणे नाई, मावळतीकडे फेकतो, तिकडे गायरान मोकळं हाय. सूर्य कलला होता. सारे कपाळावर हात धरून उभे. थाळी त्यानं थैलीतून अगदी शेवटी काढली. गरकन फिरला आन सोडली. काळा ठिपका वर गेला, उन्हात शिरला. आन गेला तो गेलाच.

थाळी पडली का आवाज येते. ठप्प. आम्हाले साऱ्यायले तो आवाज माहीत होता. सारे कान लावून उभे. हबीबभाई माह्या बाजूले होते. ते म्हणे, "आवाज नहीं आया."

सारं गाव गायरानात शिरलं. काठ्या घेऊन, झुडपं हालवून. कुठी ढोरायचं शेण, कुठी गोवऱ्याचा चुरा, कुठी पळसाची पानं. थाळी नाई. सरपंचबाईच्या नवऱ्याचा पाय शेणाच्या पोहट्यात गेला तं त्यानं शोधणं थांबवलं. तिकडे सडकेवर एसटी येऊन उभी राह्यली. भोंगा वाजवून राह्यली.

"निघ ना बापा," मी वरडली.

मोतीराम गोलात हात सोडून उभा. "थाळी खाली आली नाई वैनी. कसा निघू? फाऊल होईन."

एसटी गेली. गाठोडं पारावर राह्यलं.

लोकायले वाटलं, सकाळलोक निघन. नाई निघाला. थंडीचे दिवस, तो गोलातच. मास्तरनं हात जोडले. हबीबभाईले लोक म्हणे, दुसरी थाळी बनवून द्या, म्हणजे हा सुटन. हबीबभाई दाढी खाजवत म्हणे, "पहली तो आने दो, फिर दूसरी बनाऊंगा." मी शिव्या देत देत तिथी भात नेऊन देई. भात काऊन देई? कारण का आण मोडली नव्हती त्यानं. तो माह्यापायी थांबलाच नव्हता. थाळीपायी थांबला होता.

शेवटी मास्तरनंच तोड काढली. शिट्टी वाजवली आन सांगतलं, "मी पंच हाव. तब्येतीच्या कारणानं गोल मोठा करून राह्यलो. आजपासून गावची शीव म्हणजे गोलाची कड." सरपंचबाईच्या नवऱ्यानं शिवेवर चुन्याची रेघ मारून घेतली, आन रेघेपेक्षा जास्त चुना त्याच्या घराच्या भितीवर दिसला. पण मोतीराम हालला एकदाचा. नोकरी दुसऱ्या कोणाले गेली.

तवापासून हे असं हाय. शेतात राबते, तिघायचं काम एकटा करते. पण शिवेच्या पल्याड पाऊल नाई. आरमोरीचा बाजार मी करो. वडश्याले धान इकाले मीच जाओ. बैलाले डॉक्टर आणाचा तं मी. याचा दात दुखला तवा डॉक्टरले शिवेलोक बोलावून आणलं, हा रेघेच्या अलीकडे आ करून बसला, डॉक्टर पल्याड उभा. बाजूच्या गावात हिवाळ्याचं नाटक लागलं का हा शिवेवर घोंगडं टाकून बसे, पडदा दिसत नसे, नुसतं ऐके. सकाळी मले म्हणे, "राजा मेला वाटते वैनी. लय येळ रडला."

आन जो पल्याडून येईन त्याले इचारे, "थाळी दिसली का जी कुठी?" पोस्टमनले इचारे, बांगड्यावाल्याले इचारे. एक मोठा साहेब जीप घेऊन आला होता, त्याले इचारलं. साहेबानं कागद-पेन काढून इचारलं, "कधी हरवली?" हा म्हणे, "हरवली नाई साहेब. वर हाय." लांबलांबचे लोक त्याले पाहाले येत. आमच्या गावाचं नावच पडलं, थाळीवाल्या येड्याचं गाव.

राहाले त्यानं गायरानात, त्या जुन्या गोलापाशी, खोपडी बांधली. आमच्या आंगणात बसून जेवे, पण घरात पाय टाकत नसे. फकस्त ढोल्यातून धान काढाचं असलं का आत ये, तेही दिवसा, वंदना घरी असताना, आन दार सताड उघडं ठेवून. ढोला म्हणजे बांबूच्या कमच्यायचा, शेणामातीनं लिपलेला, धान ठेवाचा. माणूस उभा मावते त्याच्यात. मले कधी उतरू देलं नाई. "बायायनं या गोलात उतराचं नाई, फाऊल," म्हणे. मी म्हतलं, असन त्याचा एखादा कायदा. त्याच्या कायद्याले कोण इचारते.

वंदना मोठी झाली, लग्न झालं. वरात निघाली तं काका शिवेलोक गेला, रेघेपाशी थांबला. वंदना रडत म्हणे, "काका, एक पाऊल टाक ना माह्यासाठी. एकच." त्यानं वर पाह्यलं. "तुले पोचवाले आलो असतो बाई. पण अजून वरच हाय." पोरगी गेली. तो तिथीच उभा, गाडीची धूळ खाली बसेलोक. मले त्या दिवशी इतका राग आला का मी त्याले भात वाढला नाई. खाली टोपलं ठेवून देलं, घे म्हतलं तुह्या हातानं.

आता यंदाची गोष्ट. ढोल्याच्या बुडाले उदई, म्हणजे वाळवी, लागली. आमच्यात ढोला पुरा रिता करत नाई, तळाले सूपभर धान राहूच देतो. त्यामुळं वंदनाचे बाबा होते तवापासून त्याचा तळ कोणी पाह्यला नव्हता. मोतीराम नांगरावर गेला होता. म्हतलं, याची वाट पाहीन तं उदई धान खाऊन टाकन. मी शिडी लावली आन उतरली आत. म्हातारपणी. तळाचं धान सुपानं सारलं, आन सुपाले टक्क लागलं.

काळी कुळकुळीत. कडेनं लोखंड. धानात राहून जंगसुद्धा नव्हता लागला.

मी ढोल्यातच बसली, मांडीवर थाळी घेऊन. पयले काई समजेना. थाळी इथी हाय, मंग त्या दिवशी वर काय गेलं होतं? मंग ध्यानात आलं. त्या आठवड्यात माह्या भितीवरची एक गोवरी गेली होती. मोठी, वजनी, मधात जाड. मी शेजारणीसंग त्याच्यावरून भांडली होती. त्या गोवरीले यानं तेल आन काजळी लावली असन. ज्याले सारं गाव शोधून राह्यलं होतं, त्याच्यावरच पाय देऊन चालून राह्यलं होतं. गायरानात शेणाकडे कोण पाहते? आन आवाज कुठून येईन?

हबीबभाईले मात्र त्याच क्षणी समजलं असन. त्यायनं बनवली होती ती, त्यायले तिचा आवाज माहीत होता. म्हणून दुसरी नाई बनवली त्या माणसानं. मरेलोक कोणाले सांगतलं नाई.

मंग मले दुसरी गोष्ट ध्यानात आली, आन ती पयलीपेक्षा जड होती. त्या दिवसानंतर हातपंपावर बाया माह्याबद्दल बोलल्या नाई. एकदाही नाई. मी गेली का म्हणत, "काय बाई, उतरली का तुह्या दिराची थाळी?" आन हासत. तरणा दीर, तरणी भावजय, हे बोलाले कोणाले येळच नाई राह्यला. येडा दीर, हेच साऱ्यायले पुरून उरलं. त्याची खोपडी, ते सताड उघडं दार, ते आंगणातलं जेवण. मी म्हणो, खेळाचे कायदे डोक्यात गेले याच्या.

तेवढ्यात भायेर बैलायच्या घंट्या वाजल्या. मी थाळी धानात दाबली आन डोकं वर काढलं. मोतीराम दारात उभा, उंबरठ्याच्या पल्याड. कपाळावर घाम. माह्याकडे पाहे, शिडीकडे पाहे.

"ढोल्यात काय करून राह्यली वैनी?"

"उदई लागली."

त्यानं बाहीनं घाम पुसला. "काई भेटलं?"

साठीकडे चाललेला माणूस वाटला मले तो एकदम, आन तितकं वय नाई त्याचं. वाटलं, काढावी भायेर, ठेवावी त्याच्या हातावर, म्हणावं जाय रे बापा आता, पोरगी नांदाले गेली, माह्यावर कोण काय बोलन आता? पण थाळी खाली आली म्हतलं का त्याले गोल सोडा लागन. कायद्याचा पक्का हाय तो. सोडून जाईन कुठी? कारखाना त्याच्यासाठी थोडी थांबला हाय. आन इकडे आंगणात वरणाले फाऊल कोण म्हणन?

"काई नाई भेटलं," मी म्हतलं. "उदईच."

त्यानं मान हालवली. "सर भायेर," म्हणे. "बायायनं उतराचं नाई त्याच्यात. कितीदा सांगतलं." आवाज मात्र नेहमीसारखा चिडका नव्हता.

मी ती थाळी दुसऱ्या दिवशी पुसली, तिले तेल लावलं, नव्या धानाखाली परत ठेवली. मीठ मात्र मी अजूनही कमीच टाकतो, तो म्हणते तितकं नाई टाकत.

आता हे वाचणाऱ्यायले माही एक इनंती हाय. तो सोता काई वाचत नाई. म्हणते, अक्षरं गोल असतात पण फेकता येत नाई. म्हणून त्याची काळजी नाई. पण तुम्ही कधी आमच्याकडे आलात, तं शिवेवर, चुन्याच्या पुसट रेघेच्या अलीकडे, एक रुंद खांद्याचा माणूस भेटन. तो तुम्हाले इचारन, थाळी दिसली का जी कुठी. हासू नका. मी सांगतलं ते बोलू नका. थोडं वर पाहजा, आन म्हणजा, नाई भाऊ, अजून नाई दिसली.